टेकसन पीएल-३१०ईटी: पुण्याच्या एफएम गर्दीत दोन आकडे दाखवणारा रेडिओ

पुण्यात एफएमसाठी रेडिओ घ्यायचा असेल तर "किती लांबचं पकडतो" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. शहरात सिग्नलचा तुटवडा नाही, गर्दी आहे. ९१.१, ९३.५, ९४.३, ९५.०, ९८.३ आणि आकाशवाणीचं १०१.० ही दणदणीत स्टेशनं आहेत. त्यांच्या आजूबाजूला ९०.४ वर फिल्म इन्स्टिट्यूटचा आणि १०७.४ वर विद्यापीठाचा विद्यावाणी असे कम्युनिटी रेडिओ आहेत. तेव्हा बघायचं ते हे, की मोठ्यांच्या शेजारी छोटं स्टेशन स्वच्छ ऐकू येतं का. आणि येत नसेल तर ते का येत नाही, हे हातातला रेडिओ सांगू शकतो का. या दुसऱ्या कसोटीवर टेकसनचा पीएल-३१०ईटी हा त्याच्या आकाराच्या रेडिओंमध्ये फार उपयोगाचा आहे. पहिल्या कसोटीवरही तो चांगला उतरतो, पण तिथे त्याला सांभाळून घ्यावं लागतं. कसं, ते पुढे सविस्तर येईल.

आधी वस्तूबद्दल थोडक्यात. हा हातात मावणारा डिजिटल ट्यूनिंगचा सेट आहे. आत सिलिकॉन लॅब्जची एसआय४७३४ चिप, म्हणजे स्टेशन गाळण्याचं काम कॉइल आणि फिल्टरऐवजी आकडेमोडीने होतं. तीन पेन्सिल सेल लागतात. चार्जिंगचे सेल घातले तर यूएसबीवरून रेडिओतच चार्ज होतात. एफएमबरोबर मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, लाँग वेव्ह आहे. डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज हवा तर हेडफोन लावावा लागतो, स्पीकर एकच आहे. आरडीएस नाही, म्हणजे स्टेशनचं नाव पडद्यावर येत नाही. बाहेरच्या अँटेनासाठी ३.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे आणि ते एफएमला चालतं. पुण्यात याच सॉकेटने सगळ्यात मोठा फरक पडतो.

पण खरी किंमत वसूल होते ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या दोन आकड्यांत. पहिला आकडा सिग्नलचा जोर, डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये. दुसरा सिग्नल आणि खरखर यांच्यातलं अंतर, डेसिबलमध्ये. बहुतेक सेटवर मोबाइलसारख्या सिग्नलच्या दांड्या फक्त असतात, आणि त्या दांड्या पहिल्या आकड्याबद्दल बोलतात. त्यामुळे दांड्या पूर्ण आणि आवाज फाटलेला, असं झालं की माणूस रेडिओला किंवा स्टेशनला दोष देऊन मोकळा होतो. दोन आकडे वेगवेगळे दिसले की रोगाचं निदान होतं. दोन्ही कमी असतील तर सिग्नलच कमजोर आहे. अँटेना उंच करा, खिडकीत या. पहिला भरपूर आणि दुसरा पडलेला असेल तर सिग्नल पोचतोय, पण त्याच्याबरोबर नको ते काहीतरी पोचतंय. अशा वेळी अँटेना आणखी लांब केली तर बिघाड वाढतो.

आता हे "नको ते" काय असतं, हे पुण्याच्या आकड्यांवरच बघू, कारण आपल्या शहराची मांडणी या बाबतीत फार बोलकी आहे.

९०.४ घ्या. कम्युनिटी रेडिओला परवानगी असते ती १०० वॅट प्रभावी शक्तीची. पुण्यासारख्या अ वर्गातल्या शहरात खाजगी एफएमसाठी धोरणात १० ते ३० किलोवॅट आहेत. म्हणजे दोघे तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असले तरी मोठं स्टेशन २० ते २५ डेसिबलने भारी पडतं. त्यातून कम्युनिटी स्टेशनचा खांब जास्तीत जास्त ३० मीटर. ही तफावत स्वतःच कठीण आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. रेडिओच्या पहिल्याच टप्प्यात खूप जोराचे दोन-तीन सिग्नल एकदम घुसले की ते एकमेकांत मिसळून नवे सिग्नल तयार होतात, जे हवेत नसतातच. त्यांचं गणित सोपं आहे: एका स्टेशनची दुप्पट करा, त्यातून दुसरं वजा करा. ९४.३ ची दुप्पट १८८.६, वजा ९८.३, उरले ९०.३. तिघांचं मिश्रण आणखी नेमकं बसतं: ९१.१ अधिक ९४.३ वजा ९५.०, बरोबर ९०.४. दोन्ही नकली सिग्नल फिल्म इन्स्टिट्यूटच्या स्टेशनवर किंवा त्याला चिकटून पडतात. तसंच ९४.३ ची दुप्पट वजा ९५.० म्हणजे ९३.६, आणि ९४.३ ची दुप्पट वजा ९३.५ म्हणजे ९५.१. पण तिथे खरी स्टेशनं स्वतःच जोरदार असल्यामुळे त्रास जाणवत नाही. मार बसतो तो छोट्यांना.

ट्रान्समीटरजवळच्या भागात पीएल-३१०ईटीची सगळी अँटेनाची दांडी बाहेर काढली की हा प्रकार या सेटवर दिसतो. चिपच्या तोंडाशी हव्या त्या स्टेशनला आधीच वेगळं काढणारी भक्कम गाळणी नाही. सगळा एफएम पट्टा एकदम आत येतो. ही या रेडिओची खरी मर्यादा आहे आणि विकत घेणाऱ्याने ती आधीच समजून घ्यायला हवी. उपायही याच गणितात आहे. असे नकली सिग्नल मूळ सिग्नलच्या तिप्पट वेगाने खाली येतात. अँटेनातून येणारं सगळं १० डेसिबलने कमी केलंत तर हवं ते स्टेशन १० ने उतरतं, नकली ३० ने उतरतं. निव्वळ २० डेसिबलचा फायदा, तोही फुकट.

म्हणून ९०.४ वर करायचं ते असं. दांडी पूर्ण बाहेर काढून स्टेशन लावा आणि दोन्ही आकडे बघा. मग वरून एकेक कडी आत सरकवत जा. पहिला आकडा उतरत जाईल, ते होऊ द्या. नजर दुसऱ्यावर ठेवा. पहिला खाली येत असताना दुसरा वर चढला तर नकली सिग्नलचाच त्रास होता, हे सिद्ध झालं. एका टप्प्यानंतर दुसराही उतरायला लागतो. त्याच्या एक कडी आधी थांबायचं. हात लांब घेऊन आकडा वाचा, कारण शरीरही अँटेनाचा भाग होतं आणि रेडिओ टेबलावर ठेवला की चित्र बदलतं.

आपोआप स्टेशनं गोळा करणारं ईटीएमचं बटणही दांडी आखूड करूनच दाबून धरावं. दांडी पूर्ण असताना त्याने गोळा केलेल्या यादीत नकली स्टेशनं भरतात आणि एकच कार्यक्रम दोन-तीन ठिकाणी सापडतो. मग लोक म्हणतात की रेडिओ खराब आहे. शंका आली की ते ठिकाण लावून एक कडी आत घ्या. खरं स्टेशन हळूहळू उतरतं, नकली धाडकन नाहीसं होतं.

शेजारच्या स्टेशनचा प्रत्यक्ष सांडलेला आवाज हा निराळा विषय. एफएमचं स्टेशन एका आकड्यावर उभं राहत नाही, ते पसरतं. वाहक लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्‌झ हलते, स्टिरिओच्या मिश्रणात ५३ किलोहर्ट्‌झपर्यंतचा मजकूर असतो; दोन्ही मिळून दुप्पट केली की जवळपास २५६ किलोहर्ट्‌झ रुंदी होते. मोनोला, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज असेल तर, १८० पुरतात. पुण्यातली शेजारची जोडी म्हणजे ९३.५-९४.३ आणि ९४.३-९५.०, अंतर ८०० आणि ७०० किलोहर्ट्‌झ. एवढ्या अंतरात कुठल्याही बऱ्या सेटने चुकायला नको, आणि हा चुकत नाही. ९४.३ लावलंय आणि मागे ९५.० कुजबुजतंय, असं घडलं तर आधी दांडी आखूड करा. तो जवळजवळ नेहमी अति जोराचा प्रश्न असतो, गाळण्याचा नव्हे.

गाळण्याची खरी परीक्षा शहराबाहेर, उंचावर होते. लोणावळ्यात किंवा सिंहगडावर मुंबईची स्टेशनं येतात. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज हिशेबाने १४५ किलोमीटरच्या पुढे जातं आणि मुंबई त्याच्या आत आहे, मधल्या डोंगररांगा जे अडवतील ते सोडून. तिथे मुंबईचं एफएम गोल्ड १००.७ वर आणि पुण्याची आकाशवाणी १०१.० वर. अंतर फक्त ३०० किलोहर्ट्‌झ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.४१२ शिफारशीत ३०० किलोहर्ट्‌झसाठी उणे ७ डेसिबल धरलेत, म्हणजे हवं ते स्टेशन शेजाऱ्यापेक्षा ७ डेसिबलने कमजोर असलं तरी ऐकण्याजोगं राहावं. चिपमधली डिजिटल गाळणी परिस्थिती बघून स्वतः अरुंद होते आणि हे अंतर नीट सांभाळते. एफएमची रुंदी हाताने बदलण्याची सोय मात्र या सेटवर नाही. ती फक्त मीडियम आणि शॉर्ट वेव्हला आहे. ती एफएमलाही असती तर हा रेडिओ आणखी वरच्या पायरीवर गेला असता.

त्याऐवजी ट्यूनिंगच्या चाकाचा उपयोग करा. हळू चालीत ते ०.०१ मेगाहर्ट्‌झच्या पायरीने सरकतं. १००.७ वर १०१.० चा चरचराट येत असेल तर १००.६७, १००.६५ असं खाली, शेजाऱ्यापासून दूर जा. दोन-तीन पायऱ्यांत दुसरा आकडा वाढलेला दिसेल. फार गेलात तर आवाजाचे स चिरकायला लागतात. तिथून एक पायरी परत.

आणि स्टिरिओचं बटण. हेडफोन लावणाऱ्यांनी याचा हिशेब ध्यानात ठेवावा. त्याच बीएस.४१२ मध्ये १०० किलोहर्ट्‌झवरच्या शेजाऱ्यासाठी स्टिरिओला ३३ डेसिबलचं संरक्षण लागतं, मोनोला १२. म्हणजे एक बटण दाबून २१ डेसिबलची सूट मिळते. ९०.४ ला चिकटून पडणारा ९०.३ चा नकली सिग्नल नेमका याच अंतरावर आहे. बोलण्याचे कार्यक्रम, मुलाखती, बातम्या ऐकायच्या असतील तर मोनोने काहीच बिघडत नाही.

एकाच आकड्यावरची दोन स्टेशनं ही सगळ्यात अवघड गाठ. ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ हे आकडे मुंबईतही आहेत आणि पुण्यातही. खंडाळ्याच्या घाटात गाडीतला रेडिओ वळणावळणाला शहर बदलतो तो यामुळे. एफएमचा स्वभाव असा, की दोघांपैकी जो काही डेसिबलने वरचढ असेल तोच ऐकू येतो आणि दुसरा दबतो. पण पूर्ण स्वच्छ स्टिरिओसाठी मात्र ४५ डेसिबलचा फरक लागतो. मधल्या पट्ट्यात आवाज येतो, पण खडबडीत. इथे कुठलीही गाळणी कामाची नाही, फक्त दिशा उपयोगी पडते. लोणावळ्यात राहणाऱ्याला पुण्याचं ९८.३ हवं असेल तर दांडी आडवी करून फिरवा. दांडीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी येतो. टोक मुंबईकडे, म्हणजे साधारण वायव्येला करा. मात्र पुण्याची दिशा तिथून आग्नेयेला, जवळजवळ त्याच रेषेत, त्यामुळे साध्या दांडीने अर्धंच काम होतं. तिथे मागचं कमी घेणारी तीन काड्यांची यागी अँटेनाच (जुन्या टीव्हीच्या छपरावरच्या अँटेनासारखी) हवी, छपरावर, पुण्याकडे तोंड करून.

आता अॅनालॉग सेटशी तुलना, कारण घरोघरी अजून तेच आहेत आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चांगले जुने सेट मिळतातही. त्यांचा एक गुण मान्य करायला हवा: जुन्या चांगल्या सेटच्या तोंडाशी ट्यूनिंगबरोबर सरकणारी कॉइल असते, त्यामुळे अति जोराच्या सिग्नलसमोर तो जास्त टिकतो. दोष दोन. पहिला एएफसीचा, म्हणजे ट्यूनिंग स्टेशनवर आपोआप धरून ठेवणाऱ्या सोयीचा. कमजोर स्टेशन लावलं की एएफसी ट्यूनिंगला शेजारच्या जोरदार स्टेशनकडे ओढून नेतो. एएफसीचं बटण असेल तर ९०.४ लावताना ते बंद ठेवा. दुसरा दोष १०.७ मेगाहर्ट्‌झच्या मधल्या टप्प्याचा (हे सेट प्रत्येक स्टेशन आधी १०.७ वर उतरवतात आणि मग गाळतात), आणि तो पुण्यात विशेष लागू पडतो. असा सेट लावलेल्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्‌झने वरच्या आकड्यावर स्वतःची लहर तयार करतो आणि ती थोडी बाहेरही पडते. ९०.४ लावलं तर ती लहर १०१.१ वर. शेजारी दुसऱ्या रेडिओवर आकाशवाणी १०१.० चालू असेल तर तिच्यात शीळ किंवा घरघर मिसळते. एकाच घरात दोन खोल्यांत असे दोन सेट असतील तर कारण हे असू शकतं, ९०.४ चा सेट बंद करून बघा, लगेच कळेल. शिवाय अशा सेटला लावलेल्या स्टेशनपेक्षा २१.४ मेगाहर्ट्‌झने (१०.७ ची दुप्पट) वरचा सिग्नलही तितक्याच आनंदाने आत घ्यायला आवडतो. ९८.३ च्या जागी ११९.७, म्हणजे विमानांच्या बोलण्याचा पट्टा. विमानतळाजवळ स्वस्त सेटवर मध्येच तुटक इंग्रजी बोलणं ऐकू आलं तर ते हेच. पीएल-३१०ईटीमध्ये १०.७ ची पायरीच नसल्याने हे दोन्ही त्रास टळतात.

अॅनालॉग सेट टाकून द्यायचा नसेल तर त्याचा सिरॅमिक फिल्टर, म्हणजे १०.७ वर स्टेशन गाळणारा भाग, बदलता येतो. मागचं झाकण काढलं की तीन पायांचा, नारिंगी-तपकिरी, शेंगदाण्याएवढा भाग दिसतो. स्वस्त सेटमध्ये तो बहुधा २८० किलोहर्ट्‌झ रुंदीचा असतो. त्याजागी १८० चा लावा. तपकीर गल्लीत सुटे भाग विकणाऱ्यांकडे १०.७ चा सिरॅमिक फिल्टर म्हणून विचारा आणि रुंदी सांगा. अंगावरचा रंगाचा ठिपका जुन्यासारखाच हवा. लाल म्हणजे बरोबर १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३; ठिपका बदलला तर डायलवर सगळी स्टेशनं सरकतील आणि आवाज फाटेल. मधला पाय अर्थ, कडेचे दोन आत-बाहेर, उलटा लागला तरी चालतो. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग, प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंद; जास्त तापवलं तर आतली चकती बिघडते. १५० च्या खाली जाऊ नका. एकच स्पीकर असलेल्या सेटला १५० चालतो, पण जोरात वाजणाऱ्या स्टेशनवर आवाज थोडा चरचरतो.

परत पीएल-३१०ईटीच्या अँटेना सॉकेटकडे. घरात एका जागी ठेवून ऐकणार असाल तर साधा डायपोल, म्हणजे दोन सारख्या भुजांची तारेची अँटेना, करा. एफएम पट्ट्याच्या मध्यासाठी, ९८ मेगाहर्ट्‌झला, एकूण लांबी १.४६ मीटर, म्हणजे ७३-७३ सेंटिमीटरच्या दोन भुजा. वायरिंगची साधी तांब्याची तार पुरते. मधून आरजी-६ केबल (केबल टीव्हीची असते ती) खाली आणा आणि डायपोलजवळ तिचे पाच-सहा वेढे, १२-१५ सेंटिमीटर व्यासाचे, बांधून ठेवा, म्हणजे केबल स्वतः अँटेनासारखी वागत नाही. इथे एक अडचण हमखास येते. आरजी-६ ची बाहेरची जाळी सहसा अॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही, आणि आतली तार इतकी ताठ की ३.५ च्या पिनचं सॉकेट काही दिवसांत ढिलं होतं. म्हणून केबलच्या टोकाला केबल टीव्हीचा एफ कनेक्टर लावा, आणि एफ सॉकेटपासून रेडिओपर्यंत वीतभर पातळ शील्डेड वायर, टोकाला मोनो ३.५ पिन. पिनच्या टोकाला मधली तार, मागच्या भागाला जाळी.

डायपोल बाहेर लावताच दांडीपेक्षा सिग्नल वाढतो, आणि वर सांगितलेला नकली सिग्नलांचा त्रास परत येतो. त्यासाठी वाटेत सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा पॅड टाका: जाळीला दोन १५० ओहमचे रेझिस्टर, एक आत येण्याच्या बाजूला आणि एक बाहेर जाण्याच्या, त्यांच्यामध्ये तारेत १०० ओहमचा एक. पाव वॅटचे तीन कार्बन रेझिस्टर, पाय जितके आखूड तितके बरे, छोट्या डबीत बंद. पॅड आत-बाहेर करायला सोय ठेवा. बाहेर उंचावर लावलेला डायपोल अधिक पॅड ही जोडी नुसत्या आखूड दांडीपेक्षा चांगली, कारण डायपोल घरातल्या चार्जर आणि एलईडीच्या खरखरीपासून लांब असतो आणि त्याला वळवून नको त्या दिशेचं स्टेशन दाबता येतं. एकाच खांबावरून निघणाऱ्या दोन स्टेशनांमध्ये मात्र दिशा काही फरक करू शकत नाही.

एक उपाय वारंवार सुचवला जातो, त्यापासून सावध राहा: केबलचा पाव लहरीचा उघडा तुकडा टी-जोडाने समांतर लावून एक जोरदार स्टेशन मारायचं. ९८.३ साठी फोमच्या आरजी-६ चा तो तुकडा सुमारे ६३ सेंटिमीटर होतो आणि ९८.३ खरोखर खाली येतं. पण तो तुकडा फार रुंद मारतो. हिशेब केला तर १०१.० वरही जवळपास २१ डेसिबल जातात, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला त्या ९०.४ वर १२. एफएम पट्ट्याच्या आत एक स्टेशन वेगळं काढण्यासाठी हा उपाय बसत नाही. तीन रेझिस्टरचा पॅड त्याहून स्वस्त आणि जास्त कामाचा.

दुसरा आकडा पडण्याची आणखी दोन कारणं शेजारच्या स्टेशनशी संबंधित नसतात, पण त्यांची गल्लत होते. इमारतींवरून आणि टेकड्यांवरून परावर्तन होऊन तोच सिग्नल दोन वाटांनी येतो. जोर भरपूर, आवाजात स आणि श फाटलेले. रेडिओ पाऊण मीटर बाजूला सरकवा, म्हणजे पाव लहर. फरक लगेच दिसतो. कोथरूड-बाणेरच्या उंच सोसायट्यांत खिडकीची बाजू बदलली की स्टेशन सुधारतं ते यामुळे. आणि घरातली खरखर: रेडिओ सेलवर चालवून चार्जर काढा, मग एकेक दिवा बंद करत दुसरा आकडा बघा. यूएसबी लावून ऐकणं या सेटवर टाळावंच.

मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्‌झच्या आकाशवाणी पुण्यासाठी आतला फेराइट रॉड, म्हणजे मीडियम वेव्हची आतली अँटेना, पुरतो. रुंदी १, २, ३, ४, ६ किलोहर्ट्‌झ यांतून निवडता येते, दिवसा ६ आणि रात्री लांबची स्टेशनं घुसायला लागली की ३. रेडिओ आडवा फिरवून नको ते स्टेशन दाबा.

कोणी घ्यावा? ज्याला फक्त ९८.३ किंवा १०१.० ऐकायचंय त्याला याची गरज नाही, साधा दोन सेलचा सेट ते काम चोख करतो. कम्युनिटी रेडिओ नियमित ऐकणारे, लोणावळा-खंडाळ्याचे रहिवासी, सोसायटीत किंवा शाळेत एफएम नीट का येत नाही हे शोधणारे, आणि कम्युनिटी स्टेशन चालवणारी मंडळी, ज्यांना आपला सिग्नल कुठल्या पेठेत किती पोचतो याची नोंद ठेवायची असते, त्यांनी जरूर घ्यावा. शेवटच्यांसाठी हा सेट स्वस्तातलं मोजमापाचं साधनच आहे. दांडी तेवढीच, उंची तेवढीच, रेडिओ त्याच दिशेला ठेवून दोन्ही आकडे लिहीत गेलं की दोन जागांची तुलना प्रामाणिक होते. तो प्रयोगशाळेचा मीटर नाही, पण एकाच सेटने घेतलेली वाचनं एकमेकांशी ताडून बघायला पुरेशी असतात.

हा सेट बहुतेक आयात होऊन ऑनलाइन येतो, दुकानात वाजवून घेता येत नाही. म्हणून परत करण्याची मुदत असताना तपासून घ्या. दांडीच्या बुडाशी रेडिओ हलवून पाहा. आकडे उड्या मारत असतील तर आतला जोड ढिला आहे. ९४.३ वर दांडी पूर्ण आत घालून दोन्ही बाजूंना ०.१ च्या पायरीने जा, ९४.१ आणि ९४.५ वर आवाज सारख्याच प्रमाणात बिघडायला हवा, एकाच बाजूला जास्त बिघडत असेल तर ट्यूनिंग सरकलेलं आहे. अँटेना सॉकेटमध्ये पिन घालून हळूच फिरवा, खरखर यायला नको. आणि एफएमचा पट्टा ८७ ते १०८ वर लावून ठेवा. ६४ पासूनचा पट्टा चालू राहिला तर शोधण्यात वेळ फुकट जातो.